ला वानीय, मॉरिशस : महाकासवांच्या वेळेने पाहावे असे उद्यान

मॉरिशसच्या दक्षिण भागात रिव्हिएर देझांगीय या गावाजवळ असलेले ‘ला वानीय’ हे खासगी प्राणी-उद्यान आपल्याकडच्या अनेक सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात असते आणि बहुधा ते चुकीच्या वेळी असते. ओवेन ग्रिफिथ्स या ऑस्ट्रेलियन प्राणिशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये ते मगरींच्या पैदाशीसाठी सुरू केले, त्यामुळे आजही पुष्कळ प्रवासी ‘मगरींचे पार्क’ म्हणूनच त्याची चौकशी करतात. माझ्या मते मात्र तेथे मुद्दाम जावे असे कारण एकच आहे आणि ते म्हणजे अल्दाब्रा महाकासव. प्रौढ नराच्या पाठीची लांबी सव्वा मीटरच्या आसपास आणि वजन अडीचशे किलो भरते, अशा या प्राण्यांचा मोठा कळप झाडांखालच्या मोकळ्या आवारात हिंडत असतो. प्रेक्षक आणि कासव यांच्यामध्ये काच, खंदक किंवा जाळी यांपैकी काहीही नसते. तुम्ही आत जाता, जमिनीवर उकिडवे बसता आणि थोड्या वेळाने त्यांपैकी एखादे तुमच्या दिशेने चालत येते. या प्राण्याच्या सवयी सामान्य पर्यटकाला येथे नीट पाहता येतात का, एवढीच कसोटी मी या परीक्षणासाठी लावली आहे.

उत्तर वेळेवर अवलंबून आहे. आमच्या सहल कंपनीने या उद्यानासाठी भर दुपारची वेळ ठेवली होती, कारण सकाळ खरेदीला आणि संध्याकाळ समुद्रकिनाऱ्याला दिलेली होती. त्या वेळी आवारात जे दिसले ते असे : झाडांच्या सावलीच्या कडा जिथे संपतात तिथवर कासवे एकमेकांना खेटून पडलेली, मान जमिनीवर लांब टाकलेली, डोळे मिटलेले, आणि लांबून पाहिले तर नांगरणीपूर्वी शेतातून वेचून बांधाला रचलेले धोंडे वाटावेत अशी. आमच्यापैकी एका गृहस्थांनी ‘ही जिवंत आहेत ना?’ असे विचारले आणि मार्गदर्शकाने ‘आळशी आहेत, झोपतात दिवसभर’ असे सांगून सर्वांना मगरींकडे नेले. हे उत्तर चुकीचे आहे आणि उद्यानात काम करणाऱ्या कोणीही ते दिले नसते, एवढे येथे नोंदवायला हवे.

महाकासवाच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेवर आणि उन्हावर ठरते आणि शरीर जेवढे मोठे तेवढे ते तापायला वेळ लागतो, पण एकदा तापले की निवायलाही तितकाच वेळ लागतो. सेशेल्समधल्या ज्या अल्दाब्रा प्रवाळबेटावरून ही जात आली तेथे सावली ही अन्नाइतकीच मोलाची वस्तू आहे. झाडे विरळ, जमीन टोकदार प्रवाळखडकाची आणि ऊन विषुववृत्ताजवळचे, अशा जागी चरता चरता लांब गेलेले कासव सकाळ उलटण्यापूर्वी सावलीला परतले नाही तर ते उष्म्याने मरते. त्यामुळे पहाटेपासून सकाळपर्यंत चरणे, दुपारभर सावलीत पडून राहणे आणि उन्हे कलल्यावर पुन्हा चरायला निघणे हा त्यांचा दिनक्रम आहे. मॉरिशसला जन्मलेल्या कासवांनीही तो सोडलेला नाही. दुपारी पाहायला गेलेल्या माणसाला कासव ‘काहीच करत नाही’ असे दिसते, तेव्हा ते खरे तर आपले सर्वांत महत्त्वाचे काम करत असते. ते काम पाहण्यासारखे नसते इतकेच.

नंतर आम्ही वाकवा येथील आमच्या यजमानांबरोबर पुन्हा गेलो, तेव्हा हेच उद्यान निराळे वाटले. यजमान मॉरिशसच्या मराठी समाजातले; त्यांचे पूर्वज उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया मजूर म्हणून कोकणातून गेलेले, घरात बोली क्रिओल, आणि मराठी शाळेत शिकलेली पण आमच्याशी बोलताना आग्रहाने वापरलेली. ‘दार उघडताना आत पाहिजे’ हा त्यांचा हट्ट होता आणि तो योग्य होता. त्या वेळी सगळा कळप जागा असतो. गवत तोडल्याचा आवाज दहा-पंधरा फुटांवरून ऐकू येतो, कारण कासवाला दात नसतात. जबड्याच्या कडेला असलेल्या कठीण, शिंगासारख्या चोचीने ते गवत चिमटीत धरते आणि मानेला हिसका देऊन तोडते. हिसक्यागणिक पुढचे पाय किंचित रुततात. हे पाय खांबासारखे सरळ असतात, समोरच्या बाजूला जाड खवले असतात आणि चालताना प्रत्येक पाऊल नीट टेकल्याखेरीज पुढचे उचलले जात नाही. एवढे वजन वाहणाऱ्या प्राण्याला उलटे पडणे परवडत नाही, कारण उलटले तर स्वतःहून सुलटे होणे त्याला फार अवघड जाते.

या उद्यानात पाहण्यासारखी सर्वांत उत्तम गोष्ट कोणती, असे विचारले तर मी मान खाजवण्याचे नाव घेईन. येथे कासवांना हात लावू देतात. मोठ्या नराजवळ जाऊन समोरून नव्हे तर बाजूने बसावे. प्रथम तो डोके आत ओढतो आणि त्याच वेळी मोठा फूत्कार ऐकू येतो. मुले येथे घाबरून मागे सरतात, पण तो राग नसतो. डोके आणि पाय आत घेतल्याने फुफ्फुसांवर दाब येतो आणि हवा बाहेर पडते, त्याचा तो आवाज असतो. थोडे थांबले की डोके पुन्हा बाहेर येते. मग मानेच्या बुंध्याशी, जिथे सुरकुतलेली सैल कातडी कवचाखाली जाते तिथे, बोटांनी सावकाश खाजवावे. आम्ही पाहिलेल्या एका नराने पहिल्या मिनिटात काहीच केले नाही. मग मागचे पाय ताठ झाले, त्यानंतर पुढचे, पोटाकडचे कवच जमिनीपासून चांगले वीतभर उचलले गेले आणि मान वर वर येत शेवटी माझ्या यजमानांच्या छातीला लागली. डोळे अर्धवट मिटलेले, तोंड किंचित उघडे, आणि एवढे अवजड जनावर आपल्या चारही पायांच्या नखांवर उभे. खाजवणे थांबवल्यावरही बराच वेळ ते तसेच उभे होते.

हे लाडाने होत नाही, किंवा निदान केवळ लाडाने होत नाही. अल्दाब्रावर पांढऱ्या गळ्याचा, न उडणारा एक पाणकोंबडीच्या कुळातला पक्षी आहे. असे पक्षी कासवाच्या अंगावरचे आणि कातडीच्या घड्यांमधले किडे टिपतात आणि त्यांना आतपर्यंत पोहोचता यावे म्हणून कासव असे उंच होऊन मान ताणते. गालापागोस बेटांवरची महाकासवेही लहान पक्ष्यांसाठी हेच करतात. बोटांचा स्पर्श त्या चोचींची जागा घेतो. पाठीवर थोपटले तरीही त्याला कळते, कारण कवच हे अंगावर घातलेले चिलखत नसून बरगड्या आणि पाठीचा कणा यांपासून बनलेले जिवंत हाड आहे. त्यावर शिंगद्रव्याचा पातळ थर असतो आणि खाली मज्जातंतू असतात. म्हणूनच कासवाच्या पाठीवर मुलाला बसवून फोटो काढण्याचा मोह कोणीही आवरावा, मग ते उद्यान कोणतेही असो. आपल्याकडे देवळात शिरताना सभामंडपातल्या दगडी कासवावर पाय पडू नये म्हणून आपण बाजूने जातो. जिवंत कासवाला त्याहून कमी मान देण्याचे कारण नाही.

जवळ बसल्यावर आणखी एक खूण शोधावी. मानेच्या नेमके वर, कवचाच्या पुढच्या कडेला, मध्यभागी एक लहानसा चौकोनी तुकडा असतो. अल्दाब्राच्या कासवाला तो असतो आणि गालापागोसच्या कासवाला नसतो. छायाचित्रात दोघांत गल्लत होते तेव्हा हा तुकडा निकाल लावतो. नर-मादी ओळखण्यासाठी शेपूट पाहावी, नराची लांब आणि जाड असते. शिवाय नराच्या पोटाकडचे कवच आत खोलगट असते, मीलनाच्या वेळी मादीच्या घुमटाकार पाठीवर टिकून राहण्यासाठी ते उपयोगी पडते. त्या काळात नर खर्जातला, घोगरा आवाज काढतो आणि तो पुष्कळ लांबपर्यंत ऐकू जातो. मौनासाठी प्रसिद्ध असलेल्या प्राण्याचा हा आवाज ऐकून बरोबरची मंडळी काय विचारतील याची तयारी पालकांनी आधीच करून ठेवावी.

वयाच्या बाबतीत मात्र कोणत्याही उद्यानातले आकडे जपून घ्यावेत. कवचावरची वलये मोजून वय सांगता येते ही समजूत चुकीची आहे. वाढीच्या वयात ती थोडीफार दिसतात, नंतर घासून गुळगुळीत होतात आणि एका वर्षाला एकच वलय पडते असेही नाही. मोठ्या कासवाचे वय कळण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे कोणीतरी ठेवलेली नोंद. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयातले ‘अद्वैत’ नावाचे कासव मार्च २००६ मध्ये मरण पावले, ते याच जातीचे. ते रॉबर्ट क्लाइव्हच्या मालकीचे होते आणि त्याचे वय अडीचशे वर्षांहून अधिक होते असे सांगितले जाई, परंतु हा दावा निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही. शंभरी ओलांडणे या जातीला अवघड नाही, एवढे निश्चित म्हणता येते, आणि तेवढे पुरेसे विस्मयकारक आहे.

पाणी पिण्याची पद्धत पाहण्यासाठी उथळ डबक्याशी बसावे लागते आणि त्यासाठी चिकाटी हवी. अल्दाब्रावर गोडे पाणी दुर्मीळ. पाऊस पडल्यावर खडकाच्या खळग्यांत बोटभर साचते आणि लगेच आटते. एवढ्या उथळ पाण्यात तोंड बुडत नाही, म्हणून हे कासव नाकपुड्यांनी पाणी ओढू शकते. पाणी भलत्या जागी जाऊ नये यासाठी नाकाच्या आतल्या भागात मांसल पडद्याची व्यवस्था आहे. उद्यानात पाण्याची टंचाई नाही, त्यामुळे ते बहुधा तोंड बुडवूनच पितात. परंतु चिखलात लोळण्याची हौस येथेही तीच. उन्हाळ्यात चिखलाची जागा रिकामी कधीच दिसत नाही, एक उठले की दुसरे तिथे बसते. अन्नपाण्यावाचून दीर्घकाळ तग धरण्याची या जातीची शक्ती हाच पूर्वी त्यांचा शाप ठरला. जहाजाच्या तळघरात महिनोन्‌महिने जिवंत राहणारे ताजे मांस खलाशांना दुसरे कोणते मिळणार?

हा इतिहास समजल्याशिवाय ‘ला वानीय’मधला कळप मॉरिशसमध्ये का आहे हे कळत नाही. मॉरिशस, रॉड्रिग्ज आणि रेयुनियों या तीन बेटांवर मिळून महाकासवांच्या स्वतःच्या पाच जाती होत्या. फ्रांस्वा लेगा हा फ्रेंच निर्वासित १६९१ मध्ये रॉड्रिग्जवर उतरला, तेव्हा कासवांच्या पाठींवरून जमिनीला पाय न लावता शंभर पावले चालता येईल इतकी ती दाट होती, असे त्याने लिहून ठेवले आहे. पुढच्या शतकात जहाजांवरचा शिधा म्हणून ती हजारोंच्या संख्येने भरून नेली गेली, माणसाबरोबर आलेल्या डुकरांनी, उंदरांनी आणि मांजरांनी अंडी व पिल्ले खाल्ली, आणि पाचही जाती नष्ट झाल्या. हिंदी महासागरात मोठा कळप उरला तो फक्त अल्दाब्रावर, कारण ते सेशेल्सच्या माहे बेटापासून सुमारे १,१०० किलोमीटर दूर, पाण्यावाचूनचे आणि माणसाला नकोसे होते. तेथलेही संपतील या भीतीने १८७४ मध्ये चार्ल्स डार्विन, जोसेफ हुकर, रिचर्ड ओवेन आदींनी मॉरिशसच्या गव्हर्नरांना पत्र लिहून संरक्षणाची मागणी केली. १९६०च्या दशकात ब्रिटिशांनी त्याच बेटावर लष्करी विमानतळ बांधण्याचे ठरवले होते. शास्त्रज्ञांच्या विरोधाची आणि काटकसरीची गाठ पडल्यामुळे १९६७ मध्ये तो बेत बारगळला. १९८२ मध्ये अल्दाब्राला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला आणि आज तेथे एक लाखाहून अधिक महाकासवे आहेत. थोडक्यात, आपण मॉरिशसमध्ये ज्यांच्या मानेला खाजवतो ती पाहुणी आहेत आणि घरची मंडळी नाहीशी झाल्यावर त्यांच्या जागी आली आहेत.

उद्यानाचा दुसरा लक्षात राहणारा भाग म्हणजे पिल्लांचा विभाग. तळहातावर मावणारी, गडद रंगाची पिल्ले आणि पलीकडे अडीचशे किलोचा बाप, हा फरक डोळ्यांनी पाहण्यात गंमत आहे. मादी मागच्या पायांनी मातीत खड्डा खणते, कठीण कवचाची गोल अंडी घालते, माती दाबून बुजवते आणि निघून जाते. पुन्हा ती त्या जागी फिरकत नाही. कासवी नुसत्या नजरेने पिल्लांचे पोषण करते ही आपल्या संतांची उपमा भक्तीच्या प्रांतात कितीही गोड असली तरी या जातीतल्या आईने आपले पिल्लू ओळखल्याचे उदाहरण मिळणे कठीण. पिल्लू नर होणार की मादी हे मातीच्या उष्णतेवर ठरते. ऊब अधिक असेल तर माद्या अधिक निपजतात. अल्दाब्रावर संशोधकांना आणखी एक गोष्ट आढळली, ती म्हणजे जिथे कासवांची दाटी आणि अन्नाची चणचण आहे तिथे मादी एका वेळी चार-पाचच अंडी घालते, तर विरळ वस्तीच्या भागात तीच संख्या चौदाच्या आसपास जाते. या विभागात मुलांना घेऊन थोडा वेळ थांबावे आणि ही माहिती तिथेच सांगावी. घरी परतल्यावर सांगितलेली त्यांच्या लक्षात राहत नाही.

त्याच परिसरात मादागास्करची किरणांकित कासवेही आहेत. काळ्या कवचावर पिवळ्या रेषांची चांदणी पाहून आमच्या गटातल्या एकाने ‘हे तर आपले स्टार कासव’ असे म्हटले. साम्य खरोखर आहे, पण ही जात वेगळी, आकाराने बरीच मोठी आणि आज अतिशय संकटग्रस्त आहे. आपले स्टार कासवही चोरट्या व्यापारामुळे अडचणीत आलेले आहे. २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळपास पूर्ण बंदी आली आणि भारतात ते घरी पाळणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. घराची भरभराट होते या समजुतीने काचेच्या पेटीत ते ठेवणाऱ्या ओळखीच्या मंडळींना हे सांगायला ही भेट चांगले निमित्त ठरते.

आता उणिवेबद्दल. ‘ला वानीय’मध्ये कासव दिसते, स्पर्शता येते, ऐकू येते, पण ते आपल्या बेटासाठी काय करते हे दिसत नाही. कळप मोठा, जागा मर्यादित आणि चारा बाहेरून येणारा, असे असल्यावर कासव आणि वनस्पती यांचे नाते तेथे तयार होऊ शकत नाही. अल्दाब्रावर कासवांच्या सततच्या चरण्यामुळे वीसहून अधिक जातींच्या गवतांची आणि लहान रोपांची एक बुटकी हिरवळ तयार झाली आहे. त्यांतली काही गवते चोचीखाली सापडू नये म्हणून बी अगदी जमिनीलगत धरतात. शाकाहाराबाबतही आपली कल्पना तिथे डळमळते. मेलेल्या प्राण्यांचे मांस ही कासवे खातात हे पूर्वीपासून माहीत होते, परंतु २०२० मध्ये सेशेल्सच्या फ्रिगेट बेटावर एका मादीने पडलेल्या ओंडक्यावर बसलेल्या समुद्रपक्ष्याच्या पिल्लाचा सावकाश, पाऊल मोजत पाठलाग केला, त्याचे डोके चोचीत पकडले आणि त्याला खाल्ले, याचे चित्रीकरणच झाले. कुंपणातल्या कासवांवरून या स्वभावाची कल्पना येत नाही आणि कोणत्याही कुंपणात ती येणारही नाही, म्हणून हा दोष या एका उद्यानाच्या माथी मारता येत नाही.

ती बाजू पाहायची असेल तर आग्नेय किनाऱ्याजवळच्या इल-ओ-झेग्रेत या बेटावर जावे. माहेबूरजवळच्या पॉइंट जेरोम येथून होडीने थोड्याच वेळात तेथे पोहोचता येते आणि मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनचे मार्गदर्शक बेटावर फिरवून आणतात. बेट जेमतेम २६ हेक्टरांचे, १९६५ पासून राखीव. तेथल्या मूळच्या आबनूसाच्या झाडांची सरपणासाठी बेसुमार तोड झाली होती आणि जी झाडे उरली त्यांची फळे बुंध्याशीच पडून कुजत, कारण ती खाऊन बिया लांब नेणारी मॉरिशसची महाकासवे केव्हाच संपली होती. त्या कामासाठी २००० पासून अल्दाब्राची कासवे तेथे आणली गेली. त्यांनी फळे खाल्ली, बिया विष्ठेतून बेटभर पडल्या, आणि पोटातून गेलेल्या बिया अधिक चांगल्या रुजतात असे संशोधकांना आढळले. या फेरीत तुम्हाला कासवांचा कळप दिसणार नाही; मोजकी कासवे झाडीत कुठेतरी भेटतील आणि हातही लावू देणार नाहीत. तरी मार्गदर्शकाने वाटेत बसून कासवाची सुकलेली विष्ठा काडीने उकलून आतली बी दाखवली, तेव्हा ‘ला वानीय’मधल्या अर्ध्या दिवसाला अर्थ आला. दोन्ही ठिकाणे पाहायची असतील तर आधी ‘ला वानीय’ आणि मग बेट, हाच क्रम ठेवावा. प्राण्याची ओळख झाल्यावर त्याचे काम समजणे सोपे जाते.

हे कासव समुद्र ओलांडून बेटांवर कसे पोहोचले असेल, हा प्रश्न होडीत बसल्यावर हमखास निघतो. त्याचे उत्तर २००४ मध्ये टांझानियाच्या किंबिजी किनाऱ्यावर चालत वर आले. ते एक अशक्त अल्दाब्रा कासव होते आणि त्याच्या पायांवर समुद्रात वाढणाऱ्या शिंपल्यांसारख्या जिवांचे थर चढलेले होते, म्हणजे ते कित्येक आठवडे पाण्यात तरंगत होते. हे कासव पोहण्यात निष्णात नाही, पण ते बुडत नाही, मान वर ठेवते आणि उपाशी राहू शकते.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. नाईल मगरी मोठ्या आहेत, पण आपल्याकडे कृष्णा-वारणेच्या काठी मगरी पाहिलेल्यांना त्यात नवल नाही. कीटकसंग्रहात वीस हजारांहून अधिक नमुने आहेत आणि फुलपाखरांची आवड असलेल्याने त्यासाठी स्वतंत्र वेळ काढावा. ‘हंग्री क्रोकोडाइल’ या उपाहारगृहात मगरीच्या मांसाचे पदार्थ मिळतात. नुकतेच पाहिलेले जनावर ताटात घेण्याची कल्पना मला रुचली नाही, तरी हा पैदास केंद्राचा व्यवसाय आहे आणि ते तो लपवत नाहीत. पाम्प्लेमूसच्या वनस्पती उद्यानातही याच जातीची कासवे आहेत, परंतु ती कुंपणापलीकडून पाहावी लागतात, त्यामुळे केवळ कासवांसाठी उत्तरेकडे जाण्याची गरज नाही. रॉड्रिग्जला जाणाऱ्यांसाठी तेथले फ्रांस्वा लेगा अभयारण्य, जे २००७ मध्ये सुरू झाले, हे मात्र ‘ला वानीय’हून सरस ठरू शकते, कारण तेथे जागा ऐसपैस आहे आणि नष्ट झालेल्या जातींच्या हाडांच्या गुहाही त्याच आवारात आहेत.

जाणाऱ्यांनी ऋतू लक्षात घ्यावा. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला उन्हाळा. त्या दिवसांत उद्यान उघडताच आत शिरावे, नाहीतर उन्हे कलल्यावर जावे. आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिकडे हिवाळा सुरू होत असतो आणि तेव्हा सकाळी कासवे आधी उन्हात अंग शेकत बसतात, म्हणून थोडे उशिरा गेले तरी चालते. दाट झाडी आणि ओल यांमुळे डास भरपूर असतात, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डासांचे मलम हवेच. चपलांऐवजी बूट घालावेत, कारण कासव आपल्या वाटेत आलेल्या पायाची दखल घेत नाही आणि अडीचशे किलोच्या नराने बोटांवर पाऊल ठेवले तर तो ते घाईने उचलत नाही. सहल कंपनीशी कार्यक्रम ठरवतानाच सकाळची वेळ लेखी मागून घ्यावी. ती मिळत नसेल तर तो दिवस कंपनीकडून सोडवून घेऊन टॅक्सी ठरवावी आणि परतीच्या वाटेवर सुयाकचा किनारा पाहावा, तो तिथून अगदी जवळ आहे.